जुन्या पिकअपला दुहेरी सायलेन्सर पाईप बसवताना

गाडी २०११ सालची बोलेरो पिकअप, बीएस-३ (म्हणजे प्रदूषणाच्या जुन्या निकषांची), २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन. मागचा पाईप ॲक्सलच्या वरच कुजून तुटला होता आणि सायलेन्सरच्या पोटाला खालून बोट जाईल एवढी दोन भोकं पडली होती. लाईन बदलायचीच होती, तेव्हा मालकाच्या मनाप्रमाणे मागे दोन तोंडं काढायचं ठरलं. बीडच्या शेडमध्ये हे काम पूर्ण दोन दिवस चाललं, आणि त्यातला पहिला दिवस जुनं काढण्यातच गेला. स्वतः करणाऱ्याने वेळ याच हिशेबाने धरावा. नवीन बसवायला जेवढा, तेवढाच जुनं सोडवायला.

हात लावण्याआधी मालकाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली, की याने गाडीची ओढ वाढत नाही. दुहेरी पाईपची चाल व्ही-८ इंजिनांच्या गाड्यांकडून आली. तिथे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा असतात, मॅनिफोल्ड (रांगेतल्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग) दोन, म्हणून पाईप इंजिनापासूनच दोन निघतात. आपल्याकडे चारही सिलिंडर एका रांगेत, मॅनिफोल्ड एक, टर्बो एक आणि टर्बोतून बाहेर पडायला वाटही एकच. सायलेन्सरच्या मागे त्या वाटेला दोन फाटे फोडले तर धूर दोन जागांनी निघतो, इतकंच. उलट फाटे बारीक झाले तर धूर तुंबतो, टर्बोवर मागून दाब येतो, गाडी चढाला दमते आणि डिझेल जास्त पिते.

म्हणून आधी मापाचा हिशेब. जुना पाईप २ इंची होता, म्हणजे बाहेरून ५०.८ मिमी. १६ गेजचा पत्रा १.६ मिमी धरला तर आतला व्यास ४७.६ मिमी आणि धुराला मिळणारी जागा साधारण १७८० चौरस मिमी. दीड इंची दोन पाईप घेतले तर प्रत्येकी ९५७, दोन्ही मिळून १९१३. हे चालतं. सव्वा इंची दोन घेतले तर प्रत्येकी ६४०, म्हणजे मिळून १२८०. मूळ पाईपपेक्षा चौथाईहून जास्त जागा गेली. दिसायला दोन पाईप, प्रत्यक्षात गाडीचा गळा आवळलेला. आमच्याकडे आलेल्या दुहेरी पाईपच्या तयार किटमध्ये नेमके सव्वा इंचीच पाईप होते. किटवर ‘सर्व पिकअपसाठी’ असं लिहिलेलं असलं तरी कॅलिपर लावून आतला व्यास मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

त्या किटमध्ये सायलेन्सरही होता, सरळ आरपार नळीचा, आत नुसती काचलोकर भरलेली. तोही वापरला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२० प्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. नियम ११२ प्रमाणे धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडता येत नाही, तो मागे किंवा उजवीकडेच निघाला पाहिजे. दुहेरी काम करणाऱ्याने हा नियम पाठच करावा, कारण एक पाईप डाव्या चाकामागून बाजूला काढायचा मोह हमखास होतो. नियम ११३ प्रमाणे डिझेलच्या नळीपासून पाईप किमान ३५ मिमी लांब हवा. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला बंधन घालतं, तेव्हा आधी आरटीओत विचारून घ्यावं. आम्ही त्याच गाडीच्या जातीचा, मूळ बनावटीचा नवा सायलेन्सर घेतला आणि फक्त त्याच्या मागची शेपटी दुहेरी केली. बीएस-६ गाडीवर हा प्रयोग करूच नये. तिथे लाईनमध्ये फिल्टर आणि सेन्सर असतात, एक जरी जागचा हलला तरी इंजिन ताकद तोडतं.

किटमधले हँगर (पाईप टांगायचे आकडे) आणि दोन तोंडं तेवढी घेतली. बाकी सामान असं जमवलं: मूळ जातीचा सायलेन्सर एक, २ इंची बेलो पाईप (लवचिक तुकडा) एक, २ इंचातून दीड-दीड इंच निघणारा वाय आकाराचा जोड एक, दीड इंची १६ गेज एमएस (साध्या लोखंडाचा) पाईप २० फुटांची एक लांबी, पुढच्या फ्लँजचं (बोल्टने जोडायच्या चकतीचं) गॅस्केट, १० मिमीचे तीन स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) पितळी नटांसकट, हँगरचे रबर सहा (चार लागतात, दोन जादा), यू-क्लॅम्प पाच, तांब्याचं अँटीसीझ ग्रीस (आटे जाम होऊ न देणारं) आणि उष्णता सोसणारा ॲल्युमिनियम रंग अर्धा लिटर. पितळी नट मुद्दाम. लोखंडी नट स्टडवर गंजून एकजीव होतो, पितळी पाच वर्षांनीही सुटतो.

पाईप वाकवायला वाळू भरून गॅसने तापवायची जुनी पद्धत चालते, पण बाकाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि तिथेच माप कमी होतं. आम्ही ६ मिमीची सळई घेतली आणि गाडीखाली झोपून हाताने वाकवत वाकवत पाईप जिथून जायचा त्याची हुबेहूब वाट तयार केली. उजव्या बाजूची एक, डाव्या बाजूची एक. दोन्हीवर खडूने ‘पुढे’ आणि ‘वर’ अशा खुणा केल्या. त्या सळया वाळूजला पाईप बेंडिंगच्या मशीनवाल्याकडे पाठवल्या. नुसती मापं फोनवर सांगून बाक कधीच जुळत नाही. सळई मात्र खोटं बोलत नाही.

आता जुनं काढणं. आदल्या संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टवर गंज सुटायचा स्प्रे मारला, रात्री पुन्हा एकदा आणि सकाळी तिसऱ्यांदा. गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर (ज्यात उतरून खालून काम करता येतं) असेल तर उत्तम, नसेल तर चारही बाजूंनी घोडी (लोखंडी टेकू) लावावी, जॅकच्या भरवशावर कुणी खाली जाऊ नये. बॅटरीची निगेटिव्ह तार आधीच काढून ठेवावी. मागचे क्लॅम्प सोडवत बसू नये, ग्राइंडरने कापावेत, ते परत वापरायचे नसतात. मात्र कापताना ठिणग्या कुठे उडतात ते बघावं. आमच्याकडे ॲक्सलवर ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची केबल दोन्ही होत्या, त्यांच्यावर ओलं पोतं टाकलं आणि दुसऱ्या माणसाला पाण्याची बादली घेऊन उभं केलं.

खरी कसोटी टर्बोच्या मागच्या फ्लँजवर. इथे घाई केली की स्टड तुटतो. सहा पैलूंचा गोटी पानाच लावावा, बारा पैलूंचा गंजलेल्या नटाचे कोपरे चेचतो. आधी नट थोडा आवळायचा, कर्र आवाज आला की सोडायचा, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. तीनपैकी दोन सुटले. तिसरा नट गॅसने लालसर होईपर्यंत तापवला, तरीही स्टड मुळाशी तुटलाच. मग ग्राइंडरने तुटलेलं तोंड सपाट केलं, बरोबर मध्यावर पंच मारला, आधी ३ मिमी, मग ५, मग ८.५ मिमीचं ड्रिल, आणि आटे पाडायला १० मिमी दीड पिचचा टॅप. मध्य चुकला की ड्रिल कास्टिंगमध्ये घुसतं आणि मग फ्लँजच बदलावी लागते. या एका स्टडला दोन तास गेले. पण फ्लँजला दोनच बोल्ट ठेवून गाडी चालवली तर गॅस्केट महिन्याभरात फुंकतं, म्हणून ते टाळण्यासारखं नव्हतं.

फ्लँजचा जुना थर ब्लेडने खरवडून काढला, त्यावर पट्टी आडवी धरून सपाटी पाहिली, नवं गॅस्केट लावलं, स्टडच्या आट्यांवर अँटीसीझ चोळलं. नट हाताने बसवून सोडून दिले, आवळले नाहीत. सगळी लाईन शेवटपर्यंत ढिली टांगायची आणि आवळायचं पुढून मागे, हा या कामाचा कणा आहे. पुढचा फ्लँज आधी घट्ट करून मागे पाईप ओढून-ताणून बसवला की तो ताण कायमचा लाईनमध्ये राहतो. गाडी दोन-चार हजार किलोमीटर चालली की नेमका बेलोच्या वेल्डपाशी तडा जातो, आणि लोक बेलोला दोष देतात.

बेलो वगळायचा सल्ला काहीजण देतात, पैसे वाचतात म्हणून. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, क्लच सोडताना ते हलतं, सायलेन्सर मात्र चासीला टांगलेला. या दोघांतली हालचाल खाऊन टाकायला मध्ये बेलो लागतोच. तो बसवताना सरळ असावा, ताणलेला किंवा पिळलेला नको.

सायलेन्सर टांगल्यावर वाय जोडला आणि इथे पहिल्या मांडणीत चूक झाली. वायचा उजवा फाटा मुख्य पाईपच्या सरळ रेषेत आणि डावा वळणाने निघत होता. उजव्या पाईपची लांबी १.६ मीटर, डावा चासीखालून आडवा जाऊन २.१ मीटर. वेल्डच्या तात्पुरत्या टाक्यांवर जोडून इंजिन दहा मिनिटं चालवलं आणि दोन्ही तोंडांमागे वीतभर अंतरावर हात धरला. उजवीकडे गरम झोत, डावीकडे जेमतेम कोमट. धूर सोप्या वाटेने जातो, आणि ज्या पाईपमधून तो कमी जातो तो थंड राहतो, त्यात पाणी साचतं आणि तोच आधी कुजतो. मग वाय २० सेंमी पुढे घेतला आणि दोन्ही फाटे सारख्याच कोनात निघतील असा फिरवला. त्यासाठी पाईप कापून जोडावे लागले. लांबी आता १.९ आणि २.० मीटर झाली आणि दोन्ही झोत सारखे लागले. ही तपासणी टाके मारलेले असतानाच करावी. पक्कं वेल्ड झाल्यावर कळलं तर उपयोग नाही.

ॲक्सलवरून पाईप नेताना किती जागा सोडायची, यावर डोळ्याचा अंदाज चालत नाही. चासीला ॲक्सलच्या वर बंप स्टॉपचा रबर असतो. त्या रबरापासून ॲक्सलपर्यंतचं अंतर मोजावं, ॲक्सल साधारण तेवढाच वर येणार. पाईप आणि ॲक्सल यांच्यात ते अंतर अधिक एक इंच हवं. आम्ही मोजूनही खात्री करायला २० सिमेंटच्या गोण्या, म्हणजे एक टन, मागे रचल्या आणि खाली जाऊन पाहिलं. पाटे बसले, उजवीकडे ॲक्सल आणि पाईप यांच्यात भरपूर जागा, पण डावीकडे स्टेपनीच्या टायरला पाईप अर्ध्या इंचावर आला.  गरम पाईपशेजारी टायर म्हणजे नुसतं बसून राहिलेलं संकट. डावा पाईप दीड इंच बाहेर सरकवला आणि मध्ये पत्र्याची ढाल लावली. डिझेलची नळी आणि टेल लॅम्पची वायर यांच्यापासून आम्ही नियमातल्या ३५ मिमीऐवजी ६० मिमी सोडले.

मागची तोंडं कुठे संपवायची, हा आपल्याकडच्या पिकअपचा वेगळा प्रश्न आहे. फाळका खाली सोडला की तो बंपरच्याही खाली लोंबतो. तोंड दोन इंच बाहेर ठेवलं तर फाळका पहिल्याच दिवशी त्यावर आदळणार. मोंढ्यात गाडी लागली की हमाल फाळक्याला पोटऱ्या टेकवून पोती घेतात, गरम तोंड पुढे असेल तर त्यांची कातडी भाजते. आणि हीच गाडी दिवाळीनंतर कापूस, पुढे कडबा भरते. कडब्याच्या पेंढ्या फाळक्याबाहेर हातभर लोंबत असतात. म्हणून दोन्ही तोंडं बंपरच्या आतल्या कडेशी, सरळ मागे, जमिनीला समांतर ठेवली. वरच्या बाजूला पत्र्याची छोटी झापड दिली, म्हणजे झोत थेट गवतावर जात नाही. कडबा भरताना त्या बाजूची पेंढी वर बांधावी, हे चालकाला वेगळं सांगितलं.

हँगर लावताना एक बारीक गोष्ट सांभाळली. लोखंड तापलं की लांबतं. तीन मीटर लाईन ३०० अंशांनी तापली तर सुमारे ११ मिमी वाढते. पुढचं टोक टर्बोला बांधलेलं, म्हणून सगळी वाढ मागे सरकते. गाडी थंड असताना रबर किंचित पुढे झुकलेले टांगले की गरम झाल्यावर ते उभे येतात. थंडीत उभे टांगले तर गरम झाल्यावर मागे ओढले जातात आणि वर्षभरात फाटतात. चासीच्या आडव्या पट्टीपासूनही पाईप २० ते २५ मिमी लांब ठेवावा.

पक्कं वेल्ड पाईप गाडीखालून काढून टेबलावर केलं. १.६ मिमीच्या पत्र्याला २.५ मिमीचा ६०१३ वेल्डिंग रॉड ६०-६५ अँपिअरवर, एका वेळी बोटभर आणि मग समोरची बाजू. सलग मारत गेलं की पत्रा जळून भोक पडतं आणि पाईप वाकडा होतो. गाडीवरच मारावं लागलं तर अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ, पाईपलाच लावावा. दूर चासीला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो. डिझेल टाकीजवळ वेल्डिंग करूच नये, टाकी रिकामी असली तरी. रिकाम्या टाकीतली वाफच घातक. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ३ मिमीचं एक भोक पाडलं, आतलं पाणी गळून जायला.

मग आवळणी. पुढचा फ्लँज ४० न्यूटन-मीटरच्या आसपास, तिन्ही नट आळीपाळीने, मग बेलो, सायलेन्सर, वाय, शेवटी मागचे क्लॅम्प. गळती पाहायला एका तोंडात चिंधीचा बोळा घट्ट बसवला, दुसऱ्यातून कॉम्प्रेसरची हवा अगदी हलकी सोडली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावलं. वायच्या डाव्या फाट्याला बुडबुडे आले. डोळ्यांना ते वेल्ड चांगलं दिसत होतं. ग्राइंड करून पुन्हा मारलं. डिझेल गाडीत अशी गळती सोडून दिली तर आठवड्यात तिथे काजळीचा काळा पंखा उमटतो, आणि गियर लिव्हरच्या फाटक्या रबरातून धूर केबिनमध्ये येतो.

रंग दिल्यावर पहिल्या वेळी गाडी रिकामी अर्धा तास चालवली. रंग भाजताना वास आणि पांढरा धूर येतो, तो थोड्या वेळात जातो. त्यानंतर त्याच एक टनाच्या गोण्या घेऊन मांजरसुंब्याचा घाट चढवला. ओढीत फरक नाही, आवाज मूळ गाडीइतकाच. दुसऱ्या गियरमध्ये मात्र खालून बारीक खडखड आली. घाटमाथ्यावर थांबून, पाईप थंड झाल्यावर हाताने हलवून पाहिलं, तर ढालीचा एक बोल्ट पाईपला टेकत होता. वॉशर घालून बाहेर सरकवला. १०० किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा आवळले, प्रत्येकाला साधारण पाव फेरा मिळाला. पुढच्या फ्लँजला अजिबात मिळाला नाही, म्हणजे गॅस्केट नीट बसलं होतं.

पीयूसीत बीएस-३ डिझेलला धुराची मर्यादा २.४५ (धूर किती प्रकाश अडवतो त्याचा आकडा, प्रति मीटर) असते. तपासणी एका तोंडावर नळी लावून करतात, तेव्हा काम दुहेरी असल्याचं आधी सांगावं आणि दोन्ही तोंडांवर मोजायला लावावं. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर वायमध्ये एक बाजू तुंबली आहे का ते पाहावं.

पावसाळ्यात गाडी शेतात गेली की काळी माती पाईपवर थापली जाते आणि ॲक्सलवरच्या बाकात गोळा होऊन बसते. गरम पाईपवर ती भाजून विटेसारखी कडक होते, ओल आत धरून ठेवते आणि पाईप वरून कुजतो. जुना पाईपही नेमका तिथेच तुटला होता. आता त्या बाकाशी खालून हात जाईल एवढी जागा आहे, मालकाला दर आठवड्याला लाकडी काठीने ती माती काढायला सांगितलं आहे. लोखंडी सळईने काढू नये, रंग निघतो.